घोरपडीची खंजेरी

कॉमेंट साधीच होती. तिच्यात शिवी नव्हती, जात काढलेली नव्हती, 'बाईच्या जातीला हे शोभतं का' असा उपदेश नव्हता. असल्या कॉमेंटांची मंजुश्रीला वर्षभरात सवय झाली होती. ही मात्र सभ्य भाषेत, पूर्णविरामासकट लिहिलेली होती.

'गाणं उत्तम. पण या ताई स्वतःच सांगतात की खंजेरीला घोरपडीचं कातडं आहे. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. असं वाद्य जवळ बाळगणं गुन्हा आहे. वनविभागाने दखल घ्यावी.'

खाली कुणीतरी विचारलं होतं, 'शिक्षा किती?' त्याच माणसाने उत्तर दिलं होतं, 'तीन ते सात वर्षं.'

धाड गावचा बाजार उरकून ती गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसली होती. मांडीवर वांग्यांची पिशवी होती. जीप अजून भरायची होती आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहून 'एक सीट, एक सीट' ओरडत होता. तिने मोबाइल पालथा केला. मग सुलटा केला. कॉमेंट तिथंच होती.

समोरच्या सीटवरची म्हातारी केव्हाची तिच्याकडे पाहत होती. "तू थे खंजेरीवाली ना वं? सहदेवबुवाची नात?"

कालपर्यंत या प्रश्नाला ती लाजून हो म्हणायची.

"नाही," ती म्हणाली, आणि पिशवीतली वांगी उगाच खालीवर करायला लागली.

सहदेवबुवा तिचे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील. आयुष्यभर त्यांनी जलसे केले. हातात खंजेरी, मागे एक तुणतुणं आणि धरपद उचलणाऱ्या चार माणसांची झील. एवढ्यावर ते गावोगाव रात्र जागवायचे. गाणी त्यांची स्वतःची, शाळेची, विहिरीच्या पाण्याची, बाबासाहेबांची. पुढे जयंतीला डीजे आला. गाण्याचे शब्द ठोक्याखाली दबून गेले आणि आबाजींना बोलावणं येईनासं झालं. ते गेल्यावर खंजेरी खुंटीवर राहिली. मंजुश्रीने ती सहज काढली, आबाजींचं 'अक्षर माही भाकर झाली, पाटी झाली शेत' हे गाणं म्हटलं, आणि धाकट्या भावाने, धम्मदीपने, ते मोबाइलवर घेतलं. कीबोर्ड नाही, घुमवलेला आवाज नाही, मागे आईची झील तेवढी. लोकांना ते कुठंतरी लागलं. मग अकोल्याहून बोलावणं आलं, संभाजीनगरहून आलं. पुढच्या महिन्यात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास, नागपूरला एका मोठ्या मंचावर गायचं होतं. 'जुना नाद परत आणणारी मुलगी' असं तिच्याबद्दल छापून आलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात पुण्याहून अर्पिता नावाची मुलगी कॅमेरा घेऊन घरी आली होती. तिने विचारलं, "हा आवाज नेमका कशातून येतो?" मंजुश्रीने खंजेरी कॅमेऱ्यासमोर धरून, मान ताठ करून सांगितलं होतं, "घोरपडीच्या कातड्यातून. शेळीच्या कातड्याले हा नाद येतच नाही. आबाजी नेहमी म्हणायचे, खरी खंजेरी म्हणजे घोरपडीची." अर्पिताचे डोळे चमकले. व्हिडिओचं नावच तिने ठेवलं, 'घोरपडीचा नाद'. पाच लाख लोकांनी तो पाहिला होता.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. मंजुश्री बुलढाण्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. घोरपडीचं शास्त्रीय नाव तिला पाठ होतं. पहिल्या अनुसूचीतले सरपटणारे प्राणी कोणते, हा प्रश्न तिने परीक्षेत सोडवला होता आणि पूर्ण मार्क मिळवले होते. प्रयोगशाळेतल्या बरणीत फॉर्मलिनमध्ये वेटोळं करून बसलेली घोरपड तिने पेन्सिलीने काढली होती. पण बरणीतली घोरपड आणि घरच्या खुंटीवरची घोरपड या दोघींची तिच्या डोक्यात कधी भेटच झाली नव्हती. एक अभ्यासाची होती, एक आबाजींची. आज जीपमध्ये बसल्या बसल्या त्या दोघी पहिल्यांदा एकमेकींसमोर आल्या.

जीप सुटली. रस्ताभर तिला मागून येणारी प्रत्येक गाडी ऐकू येत होती.

घरी तिची आई, जनकाबाई, ओसरीत बसून तूर निवडत होती. मंजुश्रीने आईला कॉमेंट वाचून दाखवली. जनकाबाईचा हात सुपात थांबला.

"सात वर्षं?" ती म्हणाली. "कायची? आपन मारली का घोरपड?"

"मारली नाही माय. पन जवळ ठेवली तरी तेच हाये."

"मामाजीनं आनली होती ना. मामाजी तं गेले." सासऱ्यांना ती मामाजीच म्हणायची.

"ते गेले. खंजेरी हाये ना घरात."

धम्मदीप दारात उभा राहून ऐकत होता. तो हसला. "ताई, तू फेमस झाली म्हनून लोकं जळून राह्यले. जंगलवाल्यायले बिबट्याच्या मागं फिराले टाइम भेटत नाही, ते तुह्या खंजेरीसाठी येतीन?"

"मी कॅमेऱ्यासमोर बोलली, धम्मा. माह्या तोंडानं. साक्षीदार शोधाले जायचं कामच नाही त्यायले."

धम्मदीपचं हसू थोडं ओसरलं. "मंग थ्या पुन्याच्या मॅडमले सांग, व्हिडिओ काढून टाक म्हना."

मंजुश्रीने तिथंच अर्पिताला लिहिलं. उत्तर आवाजी संदेशातून आलं, रिक्षाच्या गोंगाटातून, आनंदी स्वरात. "अगं, कमेंट्सचं काय मनावर घेतेस! उलट वाद झाला की व्हिडिओ जास्त पळतो. उद्या अजून एक क्लिप टाकतीये, तू खंजेरी हातात धरून सांगतेस ना, तेवढीच. मस्त झालीये!"

जनकाबाईला पुण्याचं बोलणं सगळं कळलं नाही, पण शेवटचं कळलं. ती उठली. खुंटीवरची खंजेरी तिने काढली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळायला घेतली, मग विचार बदलून तशीच नेऊन ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत ठेवली. वरून सुपाने ज्वारी ओतली. पहिले दाणे कातड्यावर पडले तेव्हा खंजेरी वाजली, बारीक, पावसासारखी. मग आवाज जाड झाला. मग नुसता दाण्यावर दाणा पडल्याचा आला.

"आता कोनी इचारलं तं फुटली म्हनाचं," जनकाबाई म्हणाली. "आन् ऐक, आपल्या नावावर एकडाव केस लागली का जलमभर निंघत नाही. चांगल्या घरच्यायच्या निंघतात. आपल्या नाही."

पुढचे दिवस मंजुश्रीने कानांनी काढले. ट्रॅक्टरचा आवाज जड आणि तुटक असतो. सोयाबीन घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो गिअर बदलताना कण्हतो. दूधवाल्याची मोटारसायकल वळणावर दोनदा खोकते. हे सगळे आवाज ओळखीचे होते आणि ओळख पटेपर्यंत प्रत्येक वेळी तिचे तळहात गार पडत होते. एका दुपारी पांढरी बोलेरो थेट दारासमोर थांबली. जनकाबाई हातातला विळा घेऊन तशीच कोठीजवळ जाऊन उभी राहिली. गाडीतल्या माणसाने काच खाली केली आणि ग्रामपंचायत कुठं आहे ते विचारलं. मंजुश्रीने हाताने दाखवलं. तोंडातून शब्द आला नाही.

तेच तर होत होतं. शब्द येत नव्हता. सकाळी ती रियाजाला बसायची. हातात खंजेरी नाही, म्हणून मांडीवर ताल धरायची. खालचे सूर यायचे. 'पाटी झाली शेत' मधला 'शेत' वर चढतो, तिथं गळा आतून कुणी मूठ आवळावी तसा बंद व्हायचा. घास गिळतानाही तिथंच अडायचं. जनकाबाई हळदीचं पाणी द्यायची, पण हळदीने जाणारं ते दुखणं नव्हतं. घशात काही झालेलं नाही, स्नायू भीतीने आवळतायत, हे मंजुश्रीला माहीत होतं. माहीत असून त्याचा काही उपयोग नव्हता.

"विहिरीत टाकू काय?" एकदा जनकाबाईने विचारलं.

"नको माय."

"काऊन?"

मंजुश्रीने सांगितलं की पुरावा नष्ट करणं हाही गुन्हा असतो. ते खरं होतं. पण त्याहून खरं हे होतं की ती खंजेरी पाण्यात बुडताना तिला डोळ्यांसमोर आणता येत नव्हती. आबाजींच्या डाव्या हाताचा अंगठा जिथं यायचा तिथं लाकूड झिजून खळगी झाली होती, आणि आता तिचा अंगठा तिथं बरोबर बसायचा.

ऑक्टोबर लागला त्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मंजुश्री बोलताय का? मी संजीवनी. वनविभागातून बोलते, बुलढाण्याहून."

मंजुश्रीने फोन कापला. कापल्यावर तिला कळलं आपण काय केलं. फोन पुन्हा वाजला. वाजत राहिला. धम्मदीपने तिच्या हातातून घेऊन हिरवं बटण दाबलं आणि तिच्या कानाला लावला.

"लाइन गेली वाटतं," पलीकडची बाई शांतपणे म्हणाली. "वन्यजीव सप्ताह चालू आहे. आमच्याकडे परवा छोटासा कार्यक्रम आहे, कर्मचारी आणि कॉलेजची मुलं. तुम्ही गायला याल का? आणि येताना ती जुनी खंजेरी आणा, व्हिडिओतली."

मंजुश्री कशीबशी 'हो' म्हणाली.

फोन ठेवून तिने दोघांना बोलणं सांगितलं.

"हा सापळा हाये," जनकाबाई म्हणाली. "उंदराले जसा भाकरीचा तुकडा ठेवते."

"पन माय, धराचंच असतं तं जीप घेऊन आले असते," धम्मदीप म्हणाला. "फोन करून, इज्जतीनं बोलावून कोन धरते?"

"तुले काय मालूम बे कोन कसं धरते!"

"नाही गेली तं संशय येईन," मंजुश्री म्हणाली. "गेली तं इचारतीन, खंजेरी कुठं हाये."

"फुटली म्हन."

"हाव."

"म्हनून दाखव बरं."

"फुटली," मंजुश्री म्हणाली.

"अशी नको. रडल्यासारखी काऊन म्हनून राह्यली? आबाजीची वस्तू फुटली तं मानूस रागानं म्हनते."

"माय, मानूस रडतेच ना मंग," धम्मदीप म्हणाला. जनकाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिघंही हसले. हसू फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी धम्मदीप खामगावला जाऊन दुकानातली नवी खंजेरी घेऊन आला. तिला कातडंच नव्हतं. पांढऱ्या प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसवला होता. मंजुश्रीने बोटं टाकली. आवाज स्वच्छ होता, एकसारखा, कुठंही मारा तोच. "बिस्किटाच्या डब्यावानी वाजते," जनकाबाई म्हणाली आणि आत गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी जनकाबाईने डोकं धरलं. मी नाही येत, झील धम्मा देईन, घर उघडं टाकून कसं जाऊ, असं तिचं चाललं होतं. मंजुश्रीला वाटलं, आईला तिथं यायची भीती वाटते. तिने आग्रह केला नाही. बहीणभाऊ एसटीने निघाले. रस्ताभर ती ओठांतल्या ओठांत एकच शब्द घोळत होती. फुटली. फुटली. फुटली.

हॉलमध्ये भिंतीवर प्राण्यांची मोठी चित्रं लावली होती. बिबट्या, अस्वल, नीलगाय. मंचाच्या अगदी शेजारी घोरपड होती, जीभ बाहेर काढलेली, डोळा थेट गाणाऱ्याकडे. संजीवनी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. चाळिशीच्या, खाकी गणवेशातल्या, केस घट्ट बांधलेल्या. त्या हसल्या, पण त्यांची नजर आधी मंजुश्रीच्या हातातल्या खंजेरीकडे गेली. तिथं क्षणभर थांबली.

मंजुश्री गायली. चढाच्या जागी 'शेत' आलंच नाही. तिने तो सूर खाली घेतला आणि धम्मदीपने घाईघाईने झील उचलून झाकलं. कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक मुलगा मित्राला म्हणाला, "व्हिडिओत भारी वाजत होतं बे. इथं नुसतं टपटप." ते तिला ऐकू आलं.

चहाच्या वेळी संजीवनी जवळ आल्या. "जरा आत येता का? दोघंही या."

आतली खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, कपाट. संजीवनींनी दार लोटलं, पूर्ण लावलं नाही. मंजुश्रीने दाराच्या फटीकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, गुन्हेगार असंच पाहत असतील.

"तुमच्या नावाची तक्रार आली आहे. मला वाटतं तुम्हाला कल्पना असेल," संजीवनी म्हणाल्या. "तक्रार आली की मला चौकशी करावी लागते. ती खंजेरी कुठं आहे?"

शब्द तयार होता. दोन दिवस तोच तर घोटला होता. मंजुश्रीने तोंड उघडलं. समोरची बाई वाट पाहत होती, घाई न करता, प्रयोगशाळेत मॅडम व्हायव्हाला पाहायच्या तशी. त्या नजरेसमोर मंजुश्रीला आयुष्यात कधी चुकीचं उत्तर देता आलं नव्हतं.

"ज्वारीत," ती म्हणाली.

"ताई!" धम्मदीप ओरडला.

"कशात?"

"ज्वारीच्या कोठीत लपवली, मॅडम. माझ्या आजोबांची आहे. मी झूलॉजी शिकलेय, मला माहीत होतं घोरपड कोणत्या अनुसूचीत येते. तरी मी लक्षात घेतलं नाही. माझ्या आईचा यात काही संबंध नाही. भावाचाही नाही." आणि ती न विचारताच खुर्चीत बसली.

संजीवनींनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "गावात आमची जीप आली असती तर अर्ध्या तासात सगळ्या गावाने तुम्हाला जेलमध्ये टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून इथं बोलावलं. आता मला यावं तर लागेल. माझ्या गाडीने जाऊ. गणवेश बदलून घेते."

हे ऐकून मंजुश्रीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भली वागणारी बाईसुद्धा शेवटी कागदावर तेच लिहिणार होती जे कायद्यात लिहिलं होतं.

परतीच्या वाटेवर धम्मदीपने दोनदा आईला फोन लावला, तिने उचलला नाही. गाव जवळ आलं तसं मंजुश्री मनातल्या मनात हिशेब करायला लागली: नागपूरचा मंच जाईल, वडिलांना चाकणच्या कंपनीत कळेल, ते रात्रपाळी सोडून धावत येतील. सात वर्षांनंतर आपला गळा कसा असेल, हेही तिने मोजून पाहिलं.

दार उघडं होतं. घरात जळकट वास होता. केस जळाल्यासारखा, कडू. जनकाबाई चुलीपाशी बसली होती. साध्या साडीतल्या अनोळखी बाईला पाहून ती उठली, आणि लेकीच्या चेहऱ्याकडे पाहताच तिला सगळं कळलं.

"सांगितलं तू," ती म्हणाली.

मंजुश्री कोठीकडे गेली. झाकण काढून तिने ज्वारीत हात घातला, कोपरापर्यंत. लाकडी कडं हाताला लागलं. ते वर आलं तेव्हा मध्ये काही नव्हतं. नुसतं कडं, पितळी चकत्या, आणि कडेने चिकटवलेली निळ्या कापडाची जुनी पट्टी. आरपार तिला भिंत दिसली.

"मीनं इळ्यानं कापलं," जनकाबाई म्हणाली. आवाज चढा होता, पण हात पदरात गुंडाळलेले होते. "चुलीत घातलं. आता कायचा पुरावा? मले न्या. पोरीनं काही नाही केलं."

मंजुश्रीने कड्याच्या खळगीत अंगठा ठेवला. अंगठा बसला. बोटं टाकायला जागा नव्हती.

"आजी," संजीवनी हळू म्हणाल्या. जनकाबाई पन्नाशीचीही नव्हती, पण त्या क्षणी कुणाला ते खटकलं नाही. "जाळलेलं जर घोरपडीचं असेल, तर ते आणखी अवघड झालं. बघू ते."

त्यांनी कडं हातात घेऊन उजेडाला धरलं. निळी पट्टी नखाने उचकटली. चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेली पट्टी कुरकुरत सुटली. विळा कड्याच्या आतून फिरला होता, त्यामुळे पट्टीखाली बोटभर रुंदीचं कातडं तसंच राहिलं होतं. वरचा पडदा वर्षानुवर्षांच्या तेलाने, हळदीने, हाताच्या मळाने काळा झालेला असायचा; त्यावर काहीच दिसायचं नाही. पट्टीखालचं मात्र पिवळसर, कोरं होतं.

संजीवनींनी पर्समधून लहानसं भिंग काढलं. कड्यावर धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग भिंग आणि कडं दोन्ही मंजुश्रीपुढे केलं. "तुम्ही झूलॉजीच्या ना? तुम्हीच सांगा."

आधी मंजुश्रीला फक्त पिवळा धुरळा दिसला. तिने कोपर भिंतीला टेकवलं. भिंग स्थिर झालं.

घोरपडीच्या कातड्यावर खवले असतात. प्रत्येक खवल्याभोवती बारीक दाण्यांचं कुंपण, आणि असे खवले ओळीने, आडवे, संपूर्ण अंगभर. वाळवलं, ताणलं, तरी ती घडण जात नाही. हे तिने काढलं होतं, पेन्सिलीने, बरणीसमोर बसून.

इथं खवले नव्हते. एकही नव्हता. बारीक छिद्रं होती, तीन-तीनच्या गटाने, ओळीत. एका छिद्रात तुटका केस अडकलेला होता, पांढरा.

तिने पुन्हा पाहिलं. पट्टी जिथवर सुटली होती तिथवर कडं फिरवून पाहिलं.

"केसांची छिद्रं आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "शेळी आहे ही."

"मलाही तसंच दिसतं," संजीवनी म्हणाल्या. "मी तुकडा तपासणीला पाठवीन, ते करावंच लागतं. पण तुम्ही आज झोपा."

"शेळी?" जनकाबाई पुढे आली. "कशी शेळी? मामाजी तं जलमभर घोरपड, घोरपड..." ती मध्येच थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "मंजू दुसरीत होती थ्या साली मामाजी खंजेरी घेऊन खामगावले गेले होते. ताण द्याले नेतो म्हने. आले तं दोन दिवस धड जेवले नाही. मी इचारलं, मामाजी, तब्येत बरी नाही काय? तं म्हने, तुले काय करायचं."

"फाटली असन," धम्मदीप म्हणाला. "जुनी फाटली असन, नवी घोरपड आनाची कुठून? मंग शेळी लावून आनली गुपचूप."

"आन् मले नाही सांगितलं! मीनं बारा वर्षं त्यायच्या मागं झील देल्ली!" जनकाबाई चुलीकडे पाहत राहिली. "मंग मीनं काय जाळलं? शेळीच जाळली काय?"

धम्मदीपच्या तोंडून हसू फुटलं. आईचे डोळे भरलेले पाहून त्याने ते गिळलं.

संजीवनींनी कातड्याचा नखाएवढा तुकडा कापून कागदी पाकिटात ठेवला, पाकिटावर मंजुश्रीची आणि धम्मदीपची सही घेतली आणि कडं परत केलं. चहा घेतला. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "लोकांना मात्र सांगा. तुमचं ऐकून उद्या कुणी खरी घोरपड शोधायला निघेल." ते ऐकून मंजुश्रीला आतापर्यंत सुचली नव्हती ती भीती वाटली. पाच लाख लोकांतला एक जण. एका विहिरीच्या कपारीत काठी घालून बसलेला.

गाडी गेल्यावर ती ओसरीत बसली. तिने व्हिडिओ लावला. आबाजींची खंजेरी वाजत होती, खोल, ओल्या मातीसारखी. शेळीच्या कातड्याले हा नाद येतच नाही, असं ती स्वतः सांगत होती, मान ताठ करून. तो नाद शेळीचाच होता. आबाजींनी बोटांनी तो वर्षानुवर्षं त्यातून काढला होता, आणि घोरपडीचा म्हणून सांगितला होता, कारण शेळीचा म्हटलं तर कुणी ऐकायला थांबलं नसतं, असं त्यांना वाटलं असेल. आता नागपूरला काय वाजवायचं? नवं कातडं चढवायला हवं. ते तापायला, मुरायला, बोटांना ओळखायला किती दिवस लागतील कुणास ठाऊक. आणि तिच्या बोटांत तेवढं होतं की नव्हतं, हे आजवर तिने एकदाही तपासून पाहिलं नव्हतं.

व्हिडिओखाली तिने लिहिलं, 'माझी चूक झाली. ते कातडं घोरपडीचं नव्हतं, शेळीचं होतं. मी न पाहता सांगितलं. कुणीही घोरपड मारू नये, ठेवू नये. मंजुश्री.' पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवला तेव्हा तळहात पुन्हा गार पडला. खोटारडी म्हणतील. नागपूरवाले फोन करतील. तिने दाबलं आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

जनकाबाई ताट घेऊन आली. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा.

"आता सात वर्षं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही माय."

"नक्की?"

"मी स्वतः पाह्यलं."

"मंग जेव."

मंजुश्रीने घास तोंडात घातला. गळ्यापाशी तो नेहमीच्या जागी अडला. ती थांबली, वाट पाहिली. मांडीवर मोबाइल थरथरला, एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. तिने तो उचलला नाही. घास खाली उतरला.